‘नारंग’ शब्दाची युरोपातील रूपे आणि अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द इंग्रजीतील ‘ऑरेंज’चा पूर्वज आहे, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण तोच शब्द स्पेनमध्ये, हंगेरीत, पोलंडमध्ये आणि ग्रीसमध्ये कोणकोणती रूपे घेऊन राहतो, काही देशांत त्याला बाजूला सारून दुसरेच शब्द का पुढे आले, आणि फळाचे नाव व रंगाचे नाव कित्येक भाषांत वेगवेगळे का आहे, हे प्रश्न युरोपीय भाषा शिकणाऱ्या मराठी वाचकांना वारंवार पडतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परभाषेतील उच्चार देवनागरीत जितके जवळचे लिहिता येतात तितकेच लिहिले आहेत.

हा शब्द मूळचा संस्कृत आहे की द्रविड?

संस्कृतात ‘नारङ्ग’ आणि ‘नागरङ्ग’ अशी दोन्ही रूपे सापडतात. मात्र बहुतेक अभ्यासक या शब्दाचे मूळ दक्षिणेकडील द्रविड भाषांत शोधतात, आणि मला ते पटते. तमिळमधील ‘नारत्तङ्काय्’, मलयाळममधील ‘नारङ्ङ’ आणि तेलुगूतील ‘नारिंज’ ही नावे लिंबूवर्गीय फळांचीच आहेत. तमिळमध्ये ‘काय्’ म्हणजे कच्चे फळ, आणि मलयाळम शब्दाच्या शेवटीही तेच ‘काय्’ झिजलेल्या रूपात असल्याचे मानले जाते. ‘नागरङ्ग’ हे रूप ‘नाग’ आणि ‘रंग’ हे दोन ओळखीचे शब्द त्यात पाहून घडलेले दिसते. अनोळखी शब्दाला ओळखीचा चेहरा देण्याची ही खोड सर्वच भाषांना असते, आणि पुढे युरोपातही तिचे उदाहरण भेटेल.

अर्थ बदलण्याची सुरुवातही घरातच झाली आहे. मलयाळममध्ये आज ‘नारङ्ङ’ म्हटल्यावर बहुधा लिंबूच समोर येते, आणि लिंबाच्या सरबताला ‘नारङ्ङ वेळ्ळम्’ म्हणतात. त्यामुळे युरोपात या शब्दाचे अर्थ सरकले याचे फार आश्चर्य वाटू नये.

तो युरोपात कोणत्या मार्गाने पोहोचला?

संस्कृतातून फारसीत ‘नारंग’, फारसीतून अरबीत ‘नारंज’, आणि अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली व स्पेन असा हा मार्ग आहे. अरबीत ‘ग’ हा उच्चार नसल्यामुळे फारसी ‘ग’च्या जागी ‘ज’ आला, आणि युरोपातील सर्व रूपांत जे ‘ज’, ‘झ’, ‘च’ किंवा ‘ख’ दिसतात ते त्या एका बदलाचे वारस आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढचे सारेच गोंधळाचे होते. अरबांनी 10व्या-11व्या शतकांत भूमध्य प्रदेशात जे फळ रुजवले ते कडू होते. ते सोलून खाण्याचे फळ नव्हते. त्याचा रस, साल आणि फुलांचा अर्क वापरात होता. सेव्हिल शहरातील रस्त्यांच्या कडेला आजही उभी असलेली झाडे याच कडू जातीची आहेत, आणि इंग्रज ज्यापासून मार्मालेड करतात ते फळही हेच. गोड फळ युरोपात सर्वत्र मिळू लागले ते 15व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, आणि त्या प्रसारात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. म्हणजे ‘नारंग’ हा शब्द युरोपात आधी आला, आणि आज आपण ज्या फळाला तो लावतो ते फळ काही शतकांनी आले. नवे फळ आले तेव्हा काही भाषांनी जुनेच नाव त्याला दिले, काहींनी नवे नाव घडवले, आणि काहींनी दोन्ही नावे दोन फळांसाठी राखून ठेवली. युरोपच्या नकाशावर आज जे वैविध्य दिसते त्याचे मुख्य कारण हे आहे.

स्पॅनिशमध्ये ‘न’ आहे. मग इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजीत तो कोठे गेला?

स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’, हंगेरियनमध्ये ‘नॉरॉन्च’, क्रोएशियनमध्ये ‘नारांचा’, व्हेनिसच्या बोलीत ‘नारांझा’. या सर्वांनी आरंभीचा ‘न’ जपला आहे. इटालियन ‘आरांचा’ आणि फ्रेंच ‘ओरांझ’ यांनी तो गमावला, आणि याचे कारण त्या भाषांतील उपपद हे आहे. नामाच्या आधी ‘एक’ या अर्थाचे ‘ऊना’ किंवा ‘उन’ येते आणि त्यातही ‘न’ असतो. ‘ऊना नारांचा’ असे भरभर म्हटले की दोन ‘न’ एकमेकांना चिकटतात, ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतो, आणि तो उपपदाचा समजून ऐकणारा नामाची सुरुवात स्वरापासून करतो.

इंग्रजीबद्दल एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे. इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’चे ‘अन ऑरेंज’ केले, असे पुष्कळदा सांगितले जाते. इंग्रजीत असे बदल झाले आहेत यात शंका नाही. ‘एप्रन’ हा शब्द पूर्वी ‘नेप्रन’ होता. परंतु ‘ऑरेंज’ हा शब्द 14व्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हाच त्याचा ‘न’ गेलेला होता. हरवण्याचा प्रकार भूमध्य समुद्राच्या उत्तरेस, लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांत आधीच घडून गेला होता.

पोर्तुगीजांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्याकडे ‘न’ नाहीसा झाला नाही, त्याचा ‘ल’ झाला: ‘लरांझा’. माल्टीज भाषेतही ‘लारिंजा’ आहे. एकाच शब्दात दोन अनुनासिके जवळजवळ आली की जीभ त्यांतले एक बदलून टाकते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. संस्कृतातील ‘निम्बू’ हिंदीत ‘नींबू’ राहिले आणि आपल्याकडे त्याचे ‘लिंबू’ झाले. ‘कडुनिंब’ आणि ‘कडुलिंब’ ही दोन्ही रूपे आजही शेजारी शेजारी नांदतात. ‘नवनीत’चे ‘लोणी’ झाले. उलट दिशेचे उदाहरणही आपल्यापाशी आहे, कारण ‘लाङ्गल’चा आपण ‘नांगर’ केला. ‘नारांखा’ आणि ‘लरांझा’ यांच्यातील फरक हा ‘नींबू’ आणि ‘लिंबू’ यांच्यातील फरकासारखाच आहे, आणि दोन्ही उदाहरणे एकाच कुळातील फळांची निघावीत हा सुखद योगायोग आहे.

फ्रेंच शब्दाच्या आरंभी ‘ओ’ कसा आला?

अरबी ‘नारंज’ आणि इटालियन ‘आरांचा’ या दोहोंत ‘आ’ आहे. फ्रेंचमध्ये मात्र ‘ओ’. फ्रेंचमध्ये ‘ओर’ म्हणजे सोने, आणि फळाचा रंग सोन्याची आठवण करून देणारा असल्यामुळे लोकांनी शब्दाला सोन्याकडे ओढले, असे सर्वसाधारणपणे मानतात. लॅटिनमध्येही हेच झाले. सोन्याला ‘आउरुम’ म्हणतात म्हणून मध्ययुगीन लेखकांनी फळाला ‘आउरांतियुम’ हे नाव दिले, आणि तेच पुढे वनस्पतिशास्त्रात ‘सिट्रस ऑरँशियम’ या नावाने कडू फळासाठी कायम झाले. ‘नागरङ्ग’च्या वेळी जी खोड पाहिली ती हीच.

जर्मन, डच, स्वीडिश आणि रशियन भाषांत हा शब्द का दिसत नाही?

कारण त्या लोकांना हे फळ चीनचे म्हणून माहीत झाले. डचमध्ये ‘सीनासआपल’, जर्मनमध्ये ‘आप्फेलझीने’, डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये ‘आपेलसीन’, स्वीडिशमध्येही तेच, आइसलँडिकमध्ये ‘आप्पेलसीना’, फिनिशमध्ये ‘आप्पेलसीनी’, एस्टोनियनमध्ये ‘आपेलसिन’, लाटव्हियन व लिथुआनियनमध्ये त्याचीच थोडी वेगळी रूपे, आणि रशियनमध्ये ‘अपेल्सीन’. या सर्वांचा अर्थ एकच, तो म्हणजे चीनचे सफरचंद. डचांनी ‘चीन’ आधी ठेवून ‘सफरचंद’ नंतर ठेवले, आणि इतरांनी उलट क्रम घेतला, एवढाच फरक. बेल्जियमच्या डचभाषक फ्लांडर्समध्ये ‘आपेलसीन’ हा क्रमही ऐकू येतो.

गोड फळ खरोखरच पूर्व आशियातून आले होते, त्यामुळे हे नाव खोटे नाही. वनस्पतिशास्त्रानेही ते मान्य केले. गोड फळाच्या ‘सिट्रस सायनेन्सिस’ या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘चीनचे’ असाच आहे. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांच्या काठांवरील बंदरांतून फळांच्या पेट्यांबरोबर हा शब्दही पूर्वेकडे सरकत गेला. जर्मनीत त्याची खूण आजही दिसते: उत्तरेकडे ‘आप्फेलझीने’ अधिक चालते, तर दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंचांकडून आलेले ‘ओरांझे’.

देशाच्या नावाने वस्तू ओळखणे आपल्यालाही नवे नाही. हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात, तिथेही हेच घडले आहे. या संदर्भात युरोपबाहेरचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. पोर्तो रिको बेटावर बोलली जाते ती स्पॅनिशच, पण तिथे गोड फळाला ‘चिना’ म्हणतात आणि ‘नारांखा’ हे नाव कडू फळाकडे राहिले आहे.

ग्रीक, रोमेनियन आणि बल्गेरियन लोक या फळाला पोर्तुगालचे नाव का देतात?

ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’, रोमेनियनमध्ये ‘पोर्तोकाला’, बल्गेरियन, मॅसिडोनियन आणि अल्बेनियनमध्ये ‘पोर्तोकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’. नेपल्स व आसपासच्या इटालियन बोलींतही पोर्तुगालवरून घेतलेली नावे आहेत. पूर्व भूमध्य प्रदेशातील लोकांच्या हाती गोड फळ पोर्तुगीज व्यापारामुळे पडले, म्हणून त्यांनी ते विकणाऱ्यांच्या देशाचे नाव त्याला दिले. पोर्तुगालने स्वतः मात्र भारताकडून आलेला जुना शब्दच ठेवला.

येथे शब्दाचे वर्तुळ कसे पूर्ण होते ते पाहण्यासारखे आहे. ज्या फारसीने ‘नारंग’ पश्चिमेला पोहोचवला, त्याच फारसीत आज गोड फळाला ‘पोर्तेगाल’ म्हणतात, आणि ज्या अरबीने ‘नारंज’ युरोपला दिला तीही गोड फळाला ‘बुर्तुकाल’ म्हणते. दोन्ही भाषांत ‘नारेंज’, ‘नारंज’ ही रूपे कडू फळासाठी शिल्लक आहेत.

म्हणजे काही भाषांत दोन्ही शब्द एकाच वेळी वापरात आहेत का?

होय, आणि अर्थाचा हा विभाग या विषयातील सर्वांत बोलका भाग आहे. ग्रीकमध्ये गोड ते ‘पोर्तोकाली’ आणि कडू ते ‘नेरांत्झी’. अथेन्सच्या रस्त्यांवर जी झाडे फळांनी लगडलेली दिसतात ती ‘नेरांत्झी’ची. जर्मनमध्ये गोड ते ‘आप्फेलझीने’ वा ‘ओरांझे’ आणि कडू ते ‘पोमेरांत्से’. रशियनमध्ये गोड ते ‘अपेल्सीन’ आणि कडू ते ‘पोमेरानेत्स’. जुने नाव जुन्या फळाला आणि नवे नाव नव्या फळाला, असा सरळ व्यवहार या भाषांनी केला. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश यांनी जुने नाव गोड फळाला देऊन टाकले, आणि कडू फळाला ‘कडू’ किंवा ‘आंबट’ अशी विशेषणे लावण्याची वेळ त्यांच्यावर आली.

पोलिश ‘पोमारान्चा’मधील ‘पो’ कशाचा?

लॅटिनमध्ये ‘पोमुम’ म्हणजे फळ. त्याला ‘आरांचा’ जोडून ‘पोमारांचा’, म्हणजे नारंगफळ, असा समास इटलीत झाला. आपल्या ‘सीताफळ’, ‘रामफळ’, ‘जायफळ’ या शब्दांत ‘फळ’ मागे येते, तिथे ते पुढे आले. पोलिश ‘पोमारान्चा’, चेक ‘पोमेरान्च’, स्लोव्हाक ‘पोमारान्च’, स्लोव्हेनियन ‘पोमारान्चा’ आणि सर्बियन ‘पोमोरांजा’ हे सारे त्या समासाचे वंशज आहेत. त्यांनी मात्र हे नाव गोड फळासाठी वापरले. त्यामुळे पोलिश माणसाचे ‘पोमारान्चा’ आणि जर्मन माणसाचे ‘पोमेरांत्से’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार असूनही दोन वेगळी फळे आहेत.

फळ आणि रंग यांची नावे सर्वत्र एकच आहेत का?

नाहीत. इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यामुळे आपल्याला तसे वाटते. इंग्रजीतही रंगासाठी हा शब्द 16व्या शतकाच्या सुरुवातीपासूनच मिळतो. त्याआधी जुन्या इंग्रजीत ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द होता, किंवा सरळ ‘लाल’ म्हणत. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्याला ‘लाल छातीचा’ म्हणतात, कारण ते नाव पडले तेव्हा या रंगाला वेगळा शब्दच रुळलेला नव्हता.

उत्तर युरोपात फळ एका वाटेने आले आणि रंगाचे नाव दुसऱ्या वाटेने. रशियन माणूस ‘अपेल्सीन’ खातो पण त्याच्या रंगाला ‘अरांझेव्ही’ म्हणतो, आणि तो शब्द फ्रेंचमधून घेतलेला आहे. फिनिशमध्ये फळ ‘आप्पेलसीनी’ आणि रंग ‘ओरान्स्सी’. नॉर्वेजियनमध्ये फळ ‘आपेलसीन’ आणि रंग ‘ओरांशे’. चेक भाषेत फळ ‘पोमेरान्च’ असले तरी रंग ‘ओरांझोव्ही’ आहे. युक्रेनियनमध्ये फळाला ‘अपेल्सीन’ हा शब्द सर्रास चालतो, पण रंगाला ‘पोमारांचेव्ही’ म्हणतात, म्हणून 2004च्या आंदोलनाला तिथे ‘पोमारांचेवा’ क्रांती म्हटले गेले आणि रशियनमध्ये त्याच घटनेला ‘अरांझेवाया’. तुर्कीत फळ ‘पोर्ताकाल’, तर रंग ‘तुरुंजू’, म्हणजे कडू फळाच्या ‘तुरुंच’ या नावावरून. ग्रीक आणि रोमेनियन मात्र रंगही पोर्तुगालच्याच नावाने ओळखतात. त्या देशाच्या झेंड्यात हिरवा आणि तांबडा हे रंग आहेत, नारिंगी नाही, हे त्यांच्या मनातही येत नसावे.

हंगेरियन आणि आइसलँडिक या दोन भाषांनी रंगासाठी ‘नारंगपिवळा’ असा समास केला. आयरिशमध्ये फळ ‘ओराश्ते’ आहे, पण राष्ट्रध्वजाच्या तिसऱ्या पट्ट्यासाठी 1937च्या आयरिश राज्यघटनेत ‘फ्लानवी’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ रक्तवर्णी पिवळा असा होतो. मराठीत आपण ‘नारिंगी’, ‘केशरी’, ‘शेंदरी’ आणि ‘भगवा’ असे चार वेगळे शब्द वापरतो, आणि त्यांतला एकच फळाकडून आलेला आहे. युरोपीय भाषांतील एका शब्दापुढे यांपैकी कोणता ठेवायचा, हे प्रत्येक वेळी वस्तू पाहून ठरवावे लागते.

डच लोक फळाला ‘सीनासआपल’ म्हणतात, तर मग त्यांचा राष्ट्रीय रंग ‘ओरान्ये’ कसा?

हा रंग फळामुळे आलेला नाही, गावाच्या नावामुळे आलेला आहे. दक्षिण फ्रान्समध्ये ओरांझ नावाचे गाव आहे. रोमन काळात त्याचे नाव ‘अराउसिओ’ होते. ते केल्टिक मूळचे असून ‘नारंग’शी त्याचा काही संबंध नाही. कालांतराने फ्रेंचमध्ये गावाचे नाव आणि फळाचे नाव यांचे उच्चार एक झाले. 1544 मध्ये त्या गावाभोवतीच्या संस्थानाचा वारसा नासाऊच्या विल्यमकडे आला; पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचे त्यानेच नेतृत्व केले, आणि त्याचे घराणे ‘ओरान्ये-नासाऊ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. 1713च्या उत्रेख्तच्या तहाने गाव फ्रान्सकडे गेले, तरी नाव आणि त्यावरून मिळालेला रंग घराण्याकडेच राहिले.

या घराण्यातील तिसरा विल्यम 1689 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. आयर्लंडमधील प्रोटेस्टंटांनी त्याच्या आठवणीसाठी हा रंग घेतला, आणि आयर्लंडच्या झेंड्यातील तिसरा पट्टा त्यांच्यासाठी आहे. बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्ग गावाचे नावही या घराण्यातील राजकन्येवरून आले. सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानियेनबाउमचे नाव मात्र खरोखर झाडाचे आहे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ नारिंगाचे झाड. दोन नावे इतकी सारखी असूनही एकाचे मूळ फ्रान्समधील केल्टिक गावात आणि दुसऱ्याचे भारतात आहे.

या शब्दाचे लिंग आणि वचन कसे चालते?

कित्येक रोमान्स भाषांत फळ स्त्रीलिंगी आणि झाड पुल्लिंगी, अशी एक सुबक पद्धत आढळते. स्पॅनिशमध्ये ‘ला नारांखा’ हे फळ आणि ‘एल नारांखो’ हे झाड. इटालियनमध्ये ‘आरांचा’ फळ आणि ‘आरांचो’ झाड. पोर्तुगीज व फ्रेंच यांनी झाडासाठी प्रत्यय लावला: ‘लरांझैरा’, ‘ओरांझे’. प्रमाण इटालियनमधली ही पद्धत सिसिलीच्या बोलीत पाळली जात नाही. तिथे फळही पुल्लिंगीच आहे. यामुळे एक जुना वाद चालत आला आहे. भाताचे तळलेले गोळे तिथे फार आवडीने खातात, आणि त्यांचे नाव ‘छोटे नारिंग’ या अर्थाचे आहे. पालेर्मोचे लोक त्याला स्त्रीलिंगी ‘आरान्चीना’ म्हणतात, कातानियाचे लोक पुल्लिंगी ‘आरान्चीनो’. इटालियन भाषेची अकादमी असलेल्या क्रुस्काने या प्रश्नावर सविस्तर उत्तर दिले आहे, आणि दोन्ही रूपांना भाषेचा आधार आहे असे त्यातून दिसते: एकाला प्रमाणभाषेचा, दुसऱ्याला बोलीचा.

विशेषणाबाबत फ्रेंचचा नियम शिकणाऱ्यांना चकवतो. रंगवाचक विशेषणे नामाप्रमाणे बदलतात, पण ‘ओरांझ’ हे मुळात फळाचे नाव असल्यामुळे ते बदलत नाही; अनेकवचनातही त्याला प्रत्यय लागत नाही. मराठीत ‘पिवळा फेटा, पिवळी साडी, पिवळे पातळ’ असे बदल होतात, पण ‘नारिंगी फेटा, नारिंगी साडी, नारिंगी पातळ’ यांत विशेषण जसेच्या तसे राहते. कारणे वेगळी असली तरी मराठी विद्यार्थ्याला हा नियम लक्षात ठेवायला ही जोडी पुरेशी आहे.

सारखे दिसणारे पण अर्थाने फसवणारे शब्द कोणते?

कॅटलन भाषेत या फळाला ‘तरोंझा’ म्हणतात. तो ‘नारंग’पासून आलेला नाही, महाळुंगाच्या अरबी नावापासून आलेला आहे. त्याच अरबी शब्दाचे स्पॅनिश रूप ‘तोरोंखा’ मेक्सिकोसारख्या देशांत ग्रेपफ्रूटसाठी वापरतात. दुसरे उदाहरण फ्रेंच ‘सित्रों’चे: त्याचा अर्थ लिंबू, तर इंग्रजी ‘सिट्रन’चा अर्थ महाळुंग. डच ‘लिमून’ म्हणजे हिरवे लिंबू, पण डचपासून घडलेल्या दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत ‘लेमून’ म्हणजे चक्क गोड नारिंग. पाककृतींचे भाषांतर करणाऱ्यांनी या शब्दांपाशी थांबून खात्री करून घ्यावी.

‘संत्रे’ आणि ‘मोसंबी’ या मराठी शब्दांचा पोर्तुगीजांशी संबंध आहे का?

‘मोसंबी’ हे नाव आफ्रिकेतील मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीवरून आले, असे मानले जाते. ‘संत्रे’ मात्र लिस्बनजवळच्या सिंत्रा गावावरून आले, असे जे ठामपणे सांगितले जाते ते मला मान्य नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांत ‘संगतरा’चे वर्णन केले आहे. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला आणि बाबर 1530 मध्ये वारला. इतक्या थोड्या काळात एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात पोहोचून फारसी वळणाचे व्हावे, हे संभवनीय दिसत नाही.

मग युरोपीय मजकुरातील ‘ऑरेंज’चे मराठीत ‘संत्रे’ करावे की नाही?

नागपूरचे संत्रे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मँडरीन वर्गातले आहे. त्याची साल सैल असते आणि हाताने सहज सुटते. युरोपात ज्याला ‘ओरांझ’, ‘अपेल्सीन’ वा ‘पोर्तोकाली’ म्हणतात ते घट्ट सालीचे गोड फळ म्हणजे आपल्या मोसंबीचे सख्खे भावंड. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘स्वीट ऑरेंज’ या नावानेच. मँडरीन आणि पपनस यांच्या जुन्या संकरातून ही गोड जात निर्माण झाली, आणि कडू जातही याच दोहोंच्या संकरातून.

तरीही कथेत किंवा कवितेत, जिथे रंग आणि गंध महत्त्वाचे आहेत, तिथे मी ‘संत्रे’ किंवा ‘नारिंग’ ठेवीन, कारण ‘मोसंबी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवट पिवळे फळ आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेला रसाचा पेला येतो. शेतीविषयक, वैद्यकीय किंवा व्यापारी मजकुरात मात्र ‘गोड नारिंग’ किंवा ‘मोसंबी वर्गातील फळ’ असे स्पष्ट लिहावे. कडू फळासाठी ‘कडू नारिंग’ हा शब्द चांगला आहे, आणि शब्दाच्या इतिहासाला धरूनही आहे.

‘मँडरीन’ हे नाव तरी चिनी आहे ना?

तेही नाही. चिनी अधिकाऱ्यांना पोर्तुगीज ‘मांदारीं’ म्हणत. हा शब्द त्यांनी मलय भाषेतील ‘मेंतरी’वरून घेतला, आणि मलय भाषेत तो संस्कृत ‘मन्त्री’वरून आला होता. अधिकाऱ्यांचे नाव पुढे त्यांच्या देशातून येणाऱ्या छोट्या, सैल सालीच्या फळाला लागले. फ्रेंच ‘मांदारीन’, जर्मन ‘मांदारीने’, रशियन ‘मांदारिन’, ग्रीक ‘मांदारीनी’ ही सारी रूपे त्याचीच आहेत, आणि या एका शब्दाबाबत युरोपातील इतक्या भाषांचे एकमत आहे.